खाऱ्या समुद्रातलं गोडं पाणी

बहरीनचे मोती काढणारे पाणबुडे पूर्वी कातडी पिशवी घेऊन समुद्रात बुडी मारायचे आणि तळाशी जाऊन पिण्याचं पाणी भरून आणायचे. आखाताचं पाणी इतकं खारट, की तोंडात गेलं तर जीभ चरचरते. पण त्याच समुद्राच्या तळाला खडकात ठिकठिकाणी भेगा होत्या आणि त्यांतून गोडं पाणी उसळून वर यायचं. पाणबुड्या पिशवीचं तोंड भेगेवर धरायचा, पिशवी फुगली की दोरी आवळायचा आणि एका श्वासात वर यायचा. होडीवरची माणसं ते पाणी प्यायची. मोत्यांच्या हंगामात महिनोन्‌महिने समुद्रात राहणाऱ्यांना त्याचा मोठा आधार होता, आणि हे विसाव्या शतकापर्यंत चाललं होतं.

आम्ही बहरीनमध्ये राहायला आलो तेव्हा ही गोष्ट कुणीतरी सहज सांगितली होती. मला तेव्हापासून या बेटाकडे बघण्याची एक वाट सापडली. सासूबाई हिवाळ्यात साताऱ्याहून आमच्याकडे आल्या, मुलांना शुक्रवारची सुट्टी होती, हवाही छान होती. मॉल आणि समुद्रकिनारा करून झाला होता. मग डबे भरून घेतले आणि पाच माणसं एका गाडीतून चार हजार वर्षांपूर्वीचं बहरीन बघायला निघालो. त्या वेळी या देशाचं नाव दिलमुन होतं.

आधी त्या पाण्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. बहरीनमध्ये वर्षभरात जेमतेम सत्तर-ऐंशी मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला जुलैतल्या एका दिवसात याहून जास्त कोसळतो. तेव्हा हे पाणी बेटावरच्या पावसाचं नाहीच. ते आलं अरबस्तानच्या पोटातून. हजारो वर्षांपूर्वी तिथली हवा आजच्यापेक्षा ओली होती. त्या काळातला पाऊस चुनखडीच्या खडकात मुरला. हे थर पूर्वेकडे, आखाताच्या दिशेनं, हळूहळू उतरत जातात. त्यांच्या वर पाणी न झिरपू देणाऱ्या मातकट खडकाचं झाकण आहे, त्यामुळे आत शिरलेलं पाणी वर येऊ शकत नाही. ते अत्यंत संथपणे पूर्वेला सरकत राहतं. उगम उंचावर आणि वाट बंद, म्हणजे पाण्यावर दाब येणारच. बहरीन बेट म्हणजे याच थरांना मधोमध आलेला फुगवटा आहे. तिथं ते पाणीवाले खडक जमिनीलगत येतात, वरचं झाकण झिजलेलं आहे, चिरा पडलेल्या आहेत, आणि त्या चिरांतून दाबलेलं पाणी बाहेर पडतं. काही जमिनीवर, काही समुद्राच्या तळातून. सौदी अरेबियाहून बहरीनला येणारा पंचवीस किलोमीटरचा पूल १९८६ साली सुरू झाला. पाणी मात्र समुद्राखालून हजारो वर्षं हा प्रवास करत आलं आहे.

आता सुमेर देशातल्या, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधल्या, माणसाच्या नजरेनं हे पाहा. त्यांची समजूत अशी होती, की जमिनीखाली गोड्या पाण्याचा अथांग साठा आहे आणि एन्की नावाचा शहाणा देव तिथं राहतो.  आणि दक्षिणेकडून येणारे खलाशी सांगत, की समुद्रात एक बेट आहे, तिथं गोडं पाणी खालून आपोआप वर येतं, अगदी खाऱ्या पाण्याच्या मधोमधसुद्धा. त्या बेटाला पवित्र मानण्यावाचून त्यांना दुसरं काय सुचणार! सुमेरी कथेत दिलमुन ही निर्मळ भूमी आहे. तिथं सिंह मारत नाही, लांडगा कोकरू पळवत नाही, माणसाला म्हातारपण येत नाही. फक्त एक उणीव असते, पाण्याची. मग एन्की सूर्यदेवाला सांगून जमिनीतून गोडं पाणी वर आणवतो आणि दिलमुन हिरवंगार होतं. महाप्रलयातून वाचलेल्या झियुसुद्र राजालाही देवांनी वस्तीला दिलमुनमध्येच ठेवलं. मला या कथेत भूगोलाची एक अतिशय अचूक नोंद दिसते.

पहिला मुक्काम सार. मनाम्यापासून नैर्ऋत्येला, अगदी आजच्या बंगल्यांच्या वस्तीला लागून. एका बाजूला गाड्या धावतात आणि दुसऱ्या बाजूला कमरेएवढ्या दगडी भिंतींचं एक आख्खं गाव पसरलेलं आहे. इ.स.पू. २००० च्या आसपासचं. १९९० च्या दशकात लंडन-बहरीन पुरातत्त्व मोहिमेनं ते उकरून काढलं. मधून एक सरळ रस्ता जातो, दोन्ही बाजूंना घरं, आणि रस्ता चढत जाऊन गावाच्या मध्यावरच्या देवळाशी पोचतो.

मला राजवाड्यांपेक्षा अशी गावं आवडतात. इथली बहुतेक घरं एकाच बेतानं बांधलेली आहेत. आत एक चौकोनी खोली आणि तिला दोन बाजूंनी कवेत घेणारी, काटकोनात वळलेली बाहेरची जागा. आतल्या खोलीवर छप्पर असावं आणि बाहेरची जागा उघडी, किंवा फार तर झावळ्यांनी झाकलेली. दारातून आत पाऊल टाकलं, की शेजारीच गिलावा केलेलं लहानसं कुंड. पाण्याचं. त्याच्या पुढे चूल. आमच्या सासूबाई त्या घराच्या उंबऱ्याशी थबकल्या, कुंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, “बाहेरून आलं की आधी हातपाय धुवायचे. बरोबर जागा आहे.” ते कुंड नेमकं कशासाठी होतं हे कुणाला विचारायची सोय नाही, पण गावाच्या कडेला विहीर असताना प्रत्येक घरानं दाराशीच पाण्याला जागा द्यावी, हे बघून मलाही तेच वाटलं. धाकट्यानं घराघरांत शिरून चुली शोधायचा खेळ सुरू केला. त्याला चुली सापडतही होत्या. चार हजार वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकघरात उभं राहून “आई, इथं पण आहे!” असं ओरडणारा मुलगा हे दृश्य मी विसरणार नाही.

देऊळ लहान आहे. आतल्या चौथऱ्यांच्या मागे अर्धगोल पाठ आहे, चंद्रकोरीसारखी किंवा बैलाच्या शिंगांसारखी. तिथं माशांची हाडं मोठ्या प्रमाणात मिळाली, म्हणजे नैवेद्य माशाचा असणार. कोकणातल्या माणसाला यात काही वावगं वाटायचं नाही.

सारमध्ये मुद्राही पुष्कळ मिळाल्या. मऊ दगडाच्या, गोल, दोन-अडीच सेंटिमीटर व्यासाच्या. मागची बाजू फुगीर, तिच्यावर मधून तीन समांतर रेघा आणि दोन्हीकडे मिळून चार टिंबवाली वर्तुळं. ही दिलमुनची खूण. पुढच्या बाजूवर हरणं, बैल, खजुराची झाडं, चंद्र, आणि एका रांजणातून लांब नळीनं काहीतरी पिणारी दोन माणसं. मुलीनं मनाम्याच्या राष्ट्रीय संग्रहालयात ही नळीवाली मुद्रा आधी पाहिली होती, त्यामुळे सारमध्ये तिनं आजीला सगळं समजावून सांगितलं. मुद्रेचं काम साधं. रांजणाच्या तोंडाला फडकं बांधायचं, दोरी गुंडाळायची, गाठीवर ओल्या मातीचा गोळा थापायचा आणि त्यावर आपली मुद्रा उमटवायची. माती वाळली की दोरी न तोडता रांजण उघडता येत नाही. असे मातीचे तुकडे मिळाले, की पुरातत्त्वज्ञ ते आधी उलटे करून बघतात, कारण मागच्या बाजूला दोरीचा पीळ किंवा चटईची वीण उमटलेली असते आणि माल कशात बांधला होता ते कळतं. एवढ्याशा गावात इतक्या जणांकडे मुद्रा होत्या, म्हणजे इथली साधी माणसंसुद्धा कुठल्या ना कुठल्या मालासाठी जबाबदार होती.

तिथून आली. हे गावाचं नाव आहे, आणि गाव थडग्यांच्या मधोमध वसलेलं आहे. बहरीनची प्राचीन थडगी म्हणजे गोल टेकाडं. एके काळी बेटावर अशी पंचाहत्तर हजारांच्या आसपास टेकाडं होती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. रस्ते आणि घरं बांधताना बरीच गेली. उरलेल्यांपैकी ११,७७४ टेकाडांचा समावेश असलेल्या एकवीस जागांना २०१९ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ती बांधली गेली इ.स.पू. २२०० ते १७५० या काळात. आज ती मातीचे ढीग वाटतात, पण मुळात ती ठेंगणे गोल बुरूज होती, दगडी कडं असलेली. मध्ये दगडी खोली, वर मोठ्या शिळांचं छत. आत एका माणसाला कुशीवर, पाय दुमडून ठेवायचे. सोबत मडकं, मांसाचा एखादा तुकडा, कधी मुद्रा. आली गावातली सर्वांत मोठी टेकाडं राजांची आहेत, दुमजली, आज घरांच्या डोक्यावरून दिसतात. त्यातल्या एका राजाचं नाव आपल्याला ठाऊक आहे. थडग्यातल्या दगडी भांड्यांच्या तुकड्यांवर कीलाक्षरांत ते लिहिलेलं सापडलं: याग्ली-एल, रिमुमचा मुलगा.

इतकी थडगी पाहून पूर्वीच्या लोकांना वाटलं, की हे बेट म्हणजे निव्वळ स्मशान असणार. अरबस्तानातले लोक आपले मृत इथं आणून पुरत असतील, एवढ्याशा बेटावर एवढी माणसं राहिलीच कशी असतील? मुलीनं हाच प्रश्न विचारला तेव्हा गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून आम्ही हिशोब मांडला. पंचाहत्तर हजार थडगी, साडेचारशे वर्षं. म्हणजे वर्षाला दीडशे-पावणेदोनशे. त्या काळात हजार माणसांमागे वर्षाला चाळीस दगावत असतील असं धरू. मग वस्ती येते चार-साडेचार हजार. सगळ्यांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, वाट्याला असं थडगं येत नसेल, म्हणून आकडा दुप्पट करा, तिप्पट करा. तरी एखाद्या तालुक्याच्या गावाएवढीच लोकसंख्या होते. गोडं पाणी, खजूर आणि मासळी असलेल्या बेटावर तेवढी माणसं सहज राहतील. स्मशानाची सगळी गूढ कथा एका भागाकारात मिटते. अभ्यासकांनीही अशाच गणितानं ती निकालात काढली, फक्त त्यांच्या हातात खरी हाडं आणि त्यांवरून काढलेली वयं होती.

आलीमध्ये कुंभारांच्या भट्ट्या आहेत आणि त्यांतल्या कित्येक या टेकाडांच्याच कुशीत खणलेल्या. चाकावर धूपदाण्या आणि पैसे साठवायचे गल्ले घडत होते. मुलांनी चिखलात हात घातले, पुढचा अर्धा तास तिथंच गेला.

बार्बारचं देऊळ उत्तर किनाऱ्याजवळ आहे. डेन्मार्कचे पुरातत्त्वज्ञ पी. व्ही. ग्लॉब यांनी १९५४ साली ते शोधलं. दलदलीत टिकून राहिलेल्या लोहयुगीन माणसांच्या प्रेतांचा अभ्यास करणारे तेच ग्लॉब. त्यांचे सहकारी जेफ्री बिबी आधी बहरीनमध्ये तेल कंपनीत नोकरी करून गेलेले होते. टेकाडं त्यांच्या डोक्यातून जाईनात, म्हणून १९५३ च्या अखेरीस ग्लॉब यांच्या मोहिमेबरोबर ते परत आले. परदेशात पोटापाण्यासाठी आलेला एक माणूस सुट्टीच्या दिवशी भटकताना जे बघतो, त्यातून एवढं मोठं संशोधन उभं राहिलं, ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

बार्बारला एकावर एक अशी तीन देवळं बांधली गेली. चौथऱ्याच्या एका अंगाला दगडी पायऱ्या खाली उतरतात आणि एका खोलगट, घडीव दगडांनी बांधलेल्या जागेत पोचतात. तिथं झरा होता. “ही तर बारव!” सासूबाई म्हणाल्या. बारवेइतकी खोल नाही, पण पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायचं आणि त्या उतरण्यालाच पूजेचं रूप द्यायचं, हे तेच आहे. साताऱ्याजवळ लिंबची विहीर पाहिलेल्या बाईला ते चटकन ओळखू यावं यात नवल नाही. देऊळ एन्कीचं असावं असं बहुतेकांचं मत आहे, आणि त्या पायऱ्यांच्या तळाशी उभं राहिलं की ते पटतं. याच देवळात तांब्याचं एक बैलाचं मस्तक मिळालं, मोठ्या शिंगांचं. ते आता राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि बहरीनमध्ये त्याची चित्रं जागोजागी दिसतात.

ते कुंड आज कोरडं आहे. बेटावरचे जवळपास सगळे झरे आटले. विसाव्या शतकात कूपनलिका आल्या, उपसा वाढला, खडकातला दाब घटला, आणि दाब घटल्यावर समुद्राचं खारं पाणी त्या खडकांत शिरू लागलं. अधारी नावाचा झरा सर्वांत मोठा. त्याचं पाणी पाटांनी दूरच्या बागांना जायचं आणि शेजारची जमीन तशीच राहायची, म्हणून दूरच्यांना सुखी करून जवळच्यांना विसरणाऱ्या माणसाला बहरीनचे लोक अजून अधारीची उपमा देतात. म्हण राहिली, झरा गेला. तिथं आता मुलांच्या खेळण्यांचा बगीचा आहे. आमच्या नळाला येणारं बरंचसं पाणी समुद्राच्या पाण्यातले क्षार काढून केलेलं असतं. हजारो वर्षांत साठलेलं पाणी दोन-तीन पिढ्यांत संपवलं, याचं दुःख मला तिथं खरोखर झालं. मराठवाड्यात पाचशे-सातशे फुटांवर गेलेल्या बोअरवेल ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुपार कलल्यावर कलात अल-बहरीनला पोचलो. दिलमुनची राजधानी. वरवर बघितलं तर समुद्राकाठी एक किल्ला आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी त्याला आजचं रूप दिलं. वसई किंवा रेवदंडा पाहिलेल्या माणसाला ते बुरूज परके वाटत नाहीत. पण खरी गंमत किल्ल्याच्या खाली आहे. ज्या टेकडीवर तो उभा आहे ती टेकडी निसर्गानं केलेली नाही. माणसं राहिली, घरं पडली, त्यांच्या ढिगाऱ्यावर पुढच्यांनी घरं बांधली, तीही पडली, असं इ.स.पू. २३०० पासून जवळपास चार हजार वर्षं चाललं आणि सहाशे मीटर लांब, तीनशे मीटर रुंद अशी टेकडी तयार झाली. तिचा फक्त पाव भाग आजवर उकरला गेला आहे. २००५ साली ती बहरीनचं पहिलं जागतिक वारसास्थळ झाली.

एका खोलीच्या जमिनीत अगदी जवळजवळ आखलेले समांतर चर दिसतात. धाकट्याला वाटलं, घसरगुंडी. ती खजुराचा मध काढायची खोली आहे. खजुराच्या पिशव्या एकमेकींवर रचायच्या, वरच्यांच्या वजनानं आणि उन्हाळ्याच्या उष्णतेनं खालचा खजूर पाझरतो, पाक चरांतून वाहत कोपऱ्यातल्या रांजणात जमतो. कसलंही यंत्र नाही. चरांना हात लावून बघितला, अंगठ्यानं माती सारल्यासारखे गुळगुळीत काठ होते.

दुसऱ्या एका दालनाच्या फरशीखाली, बऱ्याच नंतरच्या काळातल्या थरात, मातीचे वाडगे पुरलेले मिळाले. वाडग्यात सापाची हाडं, आणि काहींत सापासोबत एक मोती किंवा निळसर खड्याचा मणी. बिबींना प्राचीन इराकमधल्या गिल्गामेश राजाची कथा आठवली. अमरत्वाची वनस्पती आणण्यासाठी गिल्गामेश पायांना दगड बांधून पाण्यात बुडी मारतो, आणि मिळालेली वनस्पती शेवटी सापच खाऊन टाकतो. पायाला दगड बांधून तळाशी जाणं ही आखातातल्या मोती काढणाऱ्यांची रीत. साप कात टाकून नवा होतो. पाण्याखालून आणलेलं अमरत्व म्हणजे मोतीच असेल का, हा बिबींचा तर्क. सिद्ध करता येणार नाही, पण मला तो फार सुंदर वाटतो.

आणि मग ती वजनं. ज्यांच्यासाठी मी मुलांना इथवर आणलं होतं.

या शहरात बिबींच्या चमूला गुळगुळीत घासलेले दगडी ठोकळे मिळाले. बिबींनी ते ओळखले, कारण तसेच ठोकळे मोहेंजोदडोला आणि हडप्पाला सापडत होते. सिंधू संस्कृतीची वजनं. त्यांची रचना दुपटीची आहे: एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. सोळा पटीचं वजन सुमारे १३.७ ग्रॅम, आणि तेच सर्वांत जास्त सापडतं. सासूबाईंना पावकी, निमकी, पाऊणकी अजून तोंडपाठ आहेत. सोळा आण्यांचा रुपया त्यांनी वापरलेला आहे. त्यांना ही दुपटी समजावून सांगावी लागली नाही. अर्धं, त्याचं अर्धं, पुन्हा त्याचं अर्धं. तागडीवर व्यवहार करणाऱ्याला हेच सोयीचं, कारण दोन पारड्यांत माल सारखा वाटता आला की वजन तपासून झालं.

सुमेरमध्ये हिशोब वेगळा होता. तिथलं मिना हे वजन साधारण अर्ध्या किलोचं. पण तिथल्याच ऊर शहरात मिळालेल्या एका मातीच्या पाटीवर १३,१०० मिना तांब्याची नोंद आहे, आणि हे वजन दिलमुनच्या मापानं आहे असं तिथंच लिहिलं आहे. पुढे ऊरच्या मापातलं रूपांतरही दिलेलं. त्यावरून दिलमुनचा मिना किती, ते निघतं: सुमारे १,३७० ग्रॅम. म्हणजे सिंधूच्या १३.७ ग्रॅमच्या वजनाची बरोबर शंभर पट. एका खेपेतलं तांबं झालं अठरा टनांच्या आसपास.

हे वाचून मी पहिल्यांदा थक्क झाले होते आणि अजून होते. सुमेर दिलमुनला जवळ. देव सुमेरचे, कथा सुमेरच्या, लिपी तिकडची. पण बाजारातली तागडी मात्र सिंधूच्या मापानं चालायची. बिबींनी त्यातून असा निष्कर्ष काढला, की दिलमुनच्या लोकांनी मोठा व्यापार आधी सिंधूच्या खोऱ्याशीच सुरू केला असणार, कारण बाजारात एकदा रुजलेलं माप सहसा कुणी बदलत नाही. सुमेरी लोक सिंधूच्या प्रदेशाला मेलुहा म्हणत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. अक्कडचा राजा सारगॉन याचा अभिमान लेखांत कोरून ठेवतो, की मेलुहाची, मगानची आणि दिलमुनची जहाजं त्याच्या धक्क्याला लागत. मगान म्हणजे ओमानकडचा भाग, तांब्याचं माहेर. तांबं ओमानचं, इंद्रगोपाचे मणी आणि लाकूड मेलुहाचं, कापड आणि धान्य सुमेरचं, आणि या सगळ्यांना मध्ये थांबायला गोड्या पाण्याचं एक बेट. पिण्याचं पाणी भरल्याशिवाय जहाज पुढे जात नाही. जिथं पाणी भरायचं तिथंच माल उतरतो, तिथंच तो तोलला जातो, तिथंच मुद्रा उमटते.

या व्यापारातली माणसंही कधीकधी अगदी जवळ येऊन उभी राहतात. ऊरमधला एआ-नासिर हा व्यापारी दिलमुनहून तांबं आणायचा. नन्नी नावाच्या गिऱ्हाइकानं त्याला पाठवलेली तक्रार इ.स.पू. १७५० च्या सुमाराची आहे आणि ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वाईट प्रतीचं तांबं दाखवलंस, माझ्या माणसाचा अपमान केलास, पैसे परत कर. ओल्या मातीवर दाबून लिहिलेला राग अजून वाळलेला नाही.

मला मात्र सर्वांत जवळच्या वाटतात त्या काही जुन्या गोल मुद्रा. आकार आखाताचा, पण वर कोरलेला बैल आणि चिन्हं सिंधूची. ती चिन्हं वाचता येत नाहीत, तरी त्यांचा क्रम तपासता येतो. हडप्पाकडच्या मुद्रांवर ती ज्या क्रमानं येतात, त्याहून इथल्या काही मुद्रांवरचा क्रम वेगळाच आहे. म्हणून काही अभ्यासकांना वाटतं, की लिपी घरची ठेवून त्यात इथली भाषा किंवा इथली नावं लिहिली गेली असावीत. समुद्र ओलांडून आलेली, इथं संसार थाटलेली, मुलांची बोली हळूहळू बदलत चाललेली कुटुंबं. माझी मुलगी आजीला फोनवर मराठी मेसेज पाठवते तो इंग्रजी अक्षरांत. तिनं ती मुद्रेची गोष्ट ऐकली आणि म्हणाली, “म्हणजे आमच्यासारखंच, फक्त उलटं.” मी तिला हे सुचवलं नव्हतं.

या बेटाचा आणि आपल्या किनाऱ्याचा संबंध पुढेही तुटला नाही. बहरीनचे मोती विकले जायचे मुंबईत, आणि इथल्या बाजारात १९६५ पर्यंत रुपया चालायचा. सासूबाईंना ते सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, की मग तिकडचं काही आपल्याकडे नाही का सापडलं?

सापडलं आहे. गुजरातेत, लोथलला. तिथं जमिनीवर पडलेली एक गोल मुद्रा मिळाली आणि उत्खनन करणारे एस. आर. राव यांनी १९६३ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं. मऊ दगडाची, मागे फुगवटा, तीन रेघा, टिंबवाली वर्तुळं. कुणीतरी दिलमुनचा माणूस ती घेऊन आला, किंवा आपला माणूस तिकडून परतला. मुलांनी मेच्या सुट्टीत लोथल बघायचंच असं ठरवून टाकलं. मे महिन्यात गुजरातेत फिरायचं म्हणजे काय, हे त्यांना आजी तिथल्या तिथं समजावून सांगत होती, आणि दिवाळीत जाऊ यावर शेवटी सगळ्यांचं एकमत झालं.